भानाय दर्यातून परत फिरली

फार वर्षांपूर्वी मोरवेळच्या पुळणीवर माडांच्या आडोशाला दर्यावर जगणाऱ्या खारव्यांची थोडीशीच घरं होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणारा लहान असो की म्हातारा, मोरवेळला ही गोष्ट सांगताना समुद्राकडे पाठ करून कोणी बसत नाही.

त्या गावात भानू नावाची एक सुईण होती. गाव तिला भानाय म्हणे. अडलेलं मूल तिच्या हातांची चाहूल लागताच पोटात वळायचं, असं म्हणतात. आसपासच्या वाड्यांतली निम्मी माणसं तिच्याच ओंजळीत जन्माला आली होती. पण तिचा स्वतःचा एकुलता एक लेक, लखू, मिसरूड फुटायच्या वयात होडीसकट दर्यात गेला. त्याचा देहसुद्धा हाती लागला नाही. तेव्हापासून भानाय दुसऱ्यांच्या घरी बाळंतिणीजवळ दिवा लावून यायची, आणि आपल्या घरी मात्र अंधारात बसायची. कोणी टोकलं तर म्हणायची, "मला दिसतंय गो. तेवढं पुरे."

एका वर्षी पाऊस ओसरला, तरी आभाळ निवळलं नाही. सूर्य तांब्याच्या ताटासारखा उगवायचा आणि तसाच बुडायचा. माणसांच्या सावल्यासुद्धा लालसर पडायच्या. पितृपक्षात घरोघर पानं वाढून ठेवली, पण घास शिवायला एक कावळा आला नाही. जाळ्यात मासे यायचे, त्यांना डोळे नसायचे. गावातली कुत्री काही दिवस समुद्राकडे तोंड करून रडली, आणि मग रडायचीही थांबली.

अशात एका सकाळी पुळणीवर एक माणूस बसलेला दिसला. जवळ होडी नव्हती, आणि वाळूत त्याची पावलंही नव्हती. अंगावरचं धोतर ओलं होतं, ते दिवसभर वाऱ्यात बसूनही सुकलं नाही. दुसऱ्या दिवशीही सुकलं नाही. गाव त्याला ओलेता म्हणू लागलं.

ओलेत्यानं गावाला गावाचीच बुडालेली माणसं सांगितली. कोणाच्या भावाच्या कमरेला लाल करगोटा होता, कोणाच्या बापाच्या डाव्या हाताचं बोट तुटलेलं होतं, कोणाच्या नवऱ्याच्या दंडावर काय गोंदलं होतं, ते सगळं त्यानं सांगितलं. यातलं काही त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मग गावाचा विश्वास बसला.

तेव्हा तो म्हणाला, "अवसेला दर्या आधी मागं जाईल, आणि मग उठेल. जे जे त्याचं आहे, ते मागून घेईल. पुढं काही नाही. चुली विझवा. जाळी विणू नका. देवळाच्या टेकडीवर या."

"टेकडीवर वाचू आम्ही?" कोणीतरी विचारलं.

"तिथंही पाणी येईल," ओलेता म्हणाला. "पण जाताना सगळे एका जागी असाल."

गावानं चुली विझवल्या. बायकांनी कोंबड्या आणि बकऱ्या मोकळ्या सोडल्या. विठू तांडेलानं तर आपल्या होडीच्या तळाला स्वतःच्या हातानं भोक पाडलं. आता होडी कशाला लागते, म्हणाला. पोरं रडत नव्हती, मोठी माणसं भांडत नव्हती. गावात इतकी शांतता पसरली, की घरात बसून माडाची झावळी पडलेली ऐकू यायची.

भानाय ओलेत्याकडे गेली ती सगळ्यांच्या शेवटी. ती काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "लखू म्हणतो, आये, आता मी लांब नाही."

गाव भीतीनं गोठलं होतं, आणि भानायला मात्र आनंद झाला. त्या संध्याकाळी आपल्या चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यावर किती वर्षांनी तिनं घरी दिवा लावला. लेक यायचा आहे, म्हणाली, त्याला अंधारात ठेच नको लागायला. चुली विझल्या तरी तिनं तो विझू दिला नाही.

अवसेच्या दिवशी दुपारी समुद्र मागं गेला.

ओहोटी मोरवेळनं जन्मभर पाहिली होती, पण ही तसली नव्हती. पाणी आवाज न करता सरकत गेलं. नेहमीच्या रेषेपलीकडे गेलं, खडकांपलीकडे गेलं, आणि तरी थांबलं नाही. मग टेकडीवरून लोकांना तो समुद्राचा तळ दिसला, जो माणसानं बघायचा नसतो. काळी वाळू, गंजलेले नांगर, आणि बुडालेल्या होड्यांच्या फासळ्या. ज्याची त्याला आपली होडी ओळखता येत होती.

सगळं गाव टेकडीवर होतं. खाली तिघीच राहिल्या होत्या. एक येसू. तिचा नवरा गलबतावर दूर मुलखात होता, आणि तिचे दिवस भरले होते. तिला सकाळपासूनच कळा येत होत्या, त्यामुळे चढण चढता आली नाही. दुसरी तिची सासू द्वारकी. आणि तिसरी भानाय. भानाय धुतलेलं लुगडं नेसून पुळणीकडे निघाली होती.

द्वारकीनं तिची वाट अडवली. "भानाय, येसू अडलीय गो. चल ना."

"कशाला?" भानाय म्हणाली. "ज्याला उद्या नाही, त्याला आज कशाला आणतेस?"

असं बोलणं भानायच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. भानाय तिला बगल देऊन पुढे गेली, आणि उघड्या पडलेल्या दर्यात उतरली.

ती चालत राहिली. पायाखाली वाळू गार होती. वारा पडला होता. मागं गाव लहान होत गेलं, आणि पुढं पाण्याची रेघ काही केल्या जवळ येत नव्हती. होड्यांच्या सांगाड्यांमधून जाताना कोणीतरी आपल्याबरोबर पावलाला पाऊल टाकतंय असं तिला वाटलं. पण वळून पाहिलं तर मागं तिचीच पावलं होती.

आणि मग तिला पुढं पाऊल टाकता येईना.

समोरच्या वाळूत कुर्ल्या वर आल्या होत्या. खेकड्यांच्या जातीतल्या, पण बारक्या, हरभऱ्याएवढ्या, वाळूच्याच रंगाच्या. ना रश्श्याला उपयोगी, ना गळाला लावायला. पोरं त्यांना पायानं चिरडतात आणि कोणी रागवतही नाही. भानायनंही जन्मभर त्यांच्यावरून पाय टाकले होते. आज तिथं दुसरं काही हलत नव्हतं, म्हणून तिनं खाली पाहिलं. एकेक कुर्ली आपल्या बिळातून बाहेर येत होती, चिमटीनं वाळू तोंडात घेत होती, त्यातलं काय ते खाऊन उरल्या वाळूची गोळी करत होती, आणि ती गोळी बाजूला ठेवत होती. मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांची किरणं फुटत चालली होती. लांबवर, नजर जाईल तिथवर, समुद्राच्या तळावर रांगोळी भरत होती.

भानाय खाली बसली. एका कुर्लीला म्हणाली, "तुला कोणी सांगितलं नाही का गो?"

कुर्ली थबकली. आपले देठावरचे डोळे वर करून तिनं भानायकडे पाहिलं, असं म्हणतात. मग पुढची गोळी केली, आणि आधीच्या गोळीशेजारी ठेवली.

दर भरतीला यांच्यावरून दर्या फिरतो, भानायच्या मनात आलं. सगळं पुसून नेतो. बिळसुद्धा ठेवत नाही. यांच्या आज्यांवरूनही फिरला असेल, पणज्यांवरूनही. आणि पाणी हटलं की या पुन्हा वर येतात. कोणी कितीही सांगितलं असतं, तरी यांनी गोळी ठेवलीच असती. हा आनंद होता की खुळेपणा, ते तिला कळेना. पण तिथून उठवेनाही.

तेवढ्यात पाण्याच्या बाजूनं हाक आली. "आये!"

आवाज लखूचा होता. तसाच, किंचित घोगरा, नुकता फुटलेला.

"आये, ये ना. थंडी वाजते."

भानाय उठली. मधे फक्त ती रांगोळी होती, तिच्यावर पाय दिल्याशिवाय पलीकडे जायला वाट नव्हती. तिनं पाय उचलला, आणि त्याच क्षणी मागून, गावाच्या बाजूनं, येसूची किंकाळी आली. इतक्या लांबून ती ऐकू यायला नको होती. पण भानायनं ती ऐकली आणि ओळखली. बाईनं अशी ऊर फुटून हाक मारली, की सुईणीला फार वेळ नसतो. तिनं खाली पाहिलं तर तिचे दोन्ही हात आपोआप ओंजळीसारखे पुढं झाले होते.

"थांब रे बाळा," ती पाण्याकडे बघून म्हणाली. "मी येईन. पण आधी येसू अडलीय."

पलीकडून, लहानपणी समजूत घातल्यावर लखू म्हणायचा तसं, अगदी हळू आलं, "बरं."

तो लखू होता, की दर्यानं लखूचा आवाज काढला होता, ते भानायनं पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

ती उलट फिरून पळत सुटली. असं म्हणतात, की तिच्यासमोर कुर्ल्या बिळात शिरत गेल्या आणि गोळ्यांमधून येसूच्या दारापर्यंत सरळ वाट मोकळी होत गेली. आणि मागं, फार मागं, जातं फिरायला लागावं तशी घरघर सुरू झाली.

"चूल पेटव!" दारातूनच ती द्वारकीवर ओरडली.

"विस्तवच नाही गो! गावभर कुठंच नाही."

"माझ्या घरी दिवा आहे. जा, पळ!"

द्वारकी पळाली, आणि पदराआड तो दिवा घेऊन आली. दोघींनी मिळून येसूला पोटमाळ्यावर चढवलं. खाली दार उघडंच राहिलं, आणि त्या उघड्या दारातून दर्या आत आला.

टेकडीवरच्यांना वाटलं, आभाळच आडवं झालं. पुळणीवरचे माड काडीसारखे मोडले, घरांची पुढची ओळ गेली. येसूच्या घरात चूल बुडाली, बाज बुडाली, आणि काळं पाणी शिडीचा एकेक दांडा चढत वर आलं. वर एका दिव्याच्या उजेडात भानाय वाकून बसली होती. "बघू नको तिकडं," ती येसूला म्हणाली. "माझ्याकडं बघ. कळ दे. अजून दे." पाणी शेवटच्या दांड्याला लागलं तेव्हा मूल तिच्या ओंजळीत आलं. मुलगी होती. ती रडली. पाणी तिथंच थांबलं, आणि श्वास घेतल्यासारखं वरखाली होत राहिलं, असं म्हणतात.

सकाळी टेकडीवरची माणसं खाली आली. आपण जिवंत आहोत की नाही, याची त्यांची खात्री नव्हती. कोणी कोणाला हात लावत नव्हतं. प्रलय आला होता आणि गेला होता. गावभर वाळू पसरली होती, अंगणात, उंबऱ्यावर, विझल्या चुलींवर. आणि त्या वाळूत, घराघरांच्या आत, बारक्या कुर्ल्या वर येऊन गोळ्या मांडत होत्या. सगळं गाव रांगोळीनं भरलं होतं. पाय कुठं ठेवावा ते लोकांना कळेना. ते तसेच उभे राहिले. तेवढ्यात येसूच्या माळ्यावरून बाळाचं रडणं ऐकू आलं.

विठू तांडेल गुडघ्यांवर बसला, आणि हातानं वाळू उकरून आपली भोक पडलेली होडी शोधू लागला.

ओलेता कुठं गेला ते कोणी पाहिलं नाही. टेकडीवर अवसेच्या दिवशी तो ज्या दगडावर बसला होता, तो पुढे कितीतरी उन्हाळे ओला राहिला. शेळ्या तो चाटायच्या.

भानाय पुढे खूप जगली. तिच्या ओंजळीत आलेली येसूची मुलगी मोठी झाली, आणि तिचंही पहिलं बाळंतपण भानायनंच केलं. त्या दिवशी तिनं हात धुतले, बाळाला आईजवळ दिलं, आणि ओहोटीच्या वेळी पुळणीवर गेली. भरती चढायच्या आधी तिची पावलं लोकांना दिसली. कुर्ल्यांच्या प्रत्येक रांगोळीला वळसा घालत ती पाण्यापर्यंत गेली होती. शेवटी शेवटी त्या पावलांशेजारी आणखी एक जोडी होती, असं म्हणतात.

मोरवेळला अजून कोणी कुर्लीच्या रांगोळीवर पाय देत नाही. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणारेही दोर उचलून वळसा घेतात. आणि मूल झालं की पाचवीला घरातल्या बायका त्याला घेऊन ओहोटीला पुळणीवर जातात. भरतीच्या रेषेच्या आत, ओल्या वाळूवर, बोटांनी वाळूच्या गोळ्या करून त्याच्याभोवती रांगोळी मांडतात. मांडताना एकीनं विचारायचं असतं, "कोणासाठी गो?" आणि बाकीच्यांनी म्हणायचं असतं, "येईल त्याच्यासाठी."

मग पाणी चढायला लागतं. बायका बाळाला उचलतात, आणि मागं न बघता घरी येऊन चुलीवर भात टाकतात.