सरकारांना विचारा!

"खबरदार! तुझ्या देवाबद्दल या गढीत एक अक्षर जरी काढलंस, तर तबेला त्याच दिवशी रिकामा करायचा!"

हैबतराव जहागीरदार कडाडले. खरा राग होता बाजारातल्या एका ख्रिस्ती उपदेशकावर. त्या बहाद्दरानं भर चौकात सरकारांची पालखी अडवून "तुमचं सगळं खोटं, आमचं तेवढं खरं!" असा घसा फोडला होता. तो गेला पुढच्या गावाला, अन् राग निघाला बिचाऱ्या सलोमीवर. सलोमी म्हणजे गढीतल्या गाईम्हशींची धार काढणारी. गावातली, म्हणजे भोरवेढ्यातली, चार-दोन ख्रिस्ती घरं, सलोमीचं धरून, दर रविवारी गढीमागच्या जुन्या तबेल्यात प्रार्थनेला जमत. दुसरी जागा त्यांना होती कुठे? आणि त्याच तबेल्यावर कारभारी आबाजीचा डोळा! त्याला तिथं आपला कडबा रचायचा होता.

"सरकार, तो ओरडला ते चुकलंच," सलोमी म्हणाली. "मी आपण होऊन बोलायची नाही. पण कुणी विचारलं तर?"

"तरी नाही! गढी माझी आहे. कुणाला काही विचारायचं असेल, तर मला विचारावं. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं!"

"बरं. अन् सरकारांनीच मला विचारलं तर?"

"मी? तुला?" हैबतरावांनी मिशीला पीळ भरला. "दसऱ्याच्या आत मी तुला विचारलं, तर तबेला कायमचा तुमचा! नाही विचारलं, तर दसऱ्याला आबाजीचा कडबा आत!"

आबाजी गालातल्या गालात हसला. सरकार प्राण गेला तरी कुणाला काही विचारायचे नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अहो, शिकारीत वाट चुकली, तरी ते वाट विचारत नसत, घोड्यावर सोडून देत!

सलोमी मुकाट आपल्या कामाला लागली. हैबतराव मनात म्हणाले, "जिरली!"

पण दुसऱ्याच आठवड्यात आचारी डोकं खाजवत दारात उभा. "सरकार, या सलोमीच्या दुधात कधी पाण्याचा थेंब नसतो. बघणारं कुणी नसतं, तरी नसतो! मी म्हटलं, बाई, का गं? तर म्हणते, मला बोलायची बंदी आहे. सरकारांना विचारा!"

"मला?" हैबतराव गडबडले. "अरे, ते... गाई चांगल्या आहेत आपल्या! जा, कामाला लाग!"

मग आला घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार भिवा. त्यानं रागाच्या भरात सलोमीची दुधानं भरलेली कासंडी लाथेनं उडवली होती. त्याच भिवाचं पोर आजारी पडलं, तर सलोमी त्याच्या उशाशी बसून राहिली. "सरकार, असं का केलं असेल तिनं?"

"मला काय माहीत!"

"पण ती तर म्हणते, सरकारांना विचारा, त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं!"

हैबतरावांना जेवण गोड लागेना. अंगणात गेले तर झाडूवाली विचारी, देवडीवर गेले तर पहारेकरी विचारी. शेवटी खुद्द बाईसाहेबांनी पानावरच गाठलं. "अहो, अख्खी गढी विचारतेय, ही बाई अशी कशी? अन् जहागिरीच्या धन्याला उत्तर येऊ नये? इश्श!"

हैबतराव अर्ध्या पानावरूनच उठले!

दसरा अगदी तोंडावर आला, तेव्हा घोंगडं पांघरून, तापानं कण्हत आबाजी आला. बायको माहेरी, आणि याच्या तिखट जिभेपायी शेजारीपाजारी कुणी फिरकेना.

"सरकार, मी हिचा तबेला बळकावायला बसलोय, अन् ही मला दोन्ही वेळा हळद घालून कढत दूध आणून देते! का?"

"तिलाच विचार की!"

"विचारलं! म्हणाली, सरकारांना विचारा!"

झालं! हैबतरावांचा तोल गेला. "बोलवा तिला!"

सलोमी पदराला हात पुसत आली. हैबतराव सावध होते. "मी विचारत नाही हं! मी हुकूम करतो. सांग, का करतेस हे?"

"सरकार, हुकूम केला तर सांगायचं, असं कुठं ठरलं होतं? विचारलं तर, असं ठरलं होतं."

हैबतरावांनी दात खाल्ले. इकडून तिकडे येरझारा घातल्या. खिडकीशी थांबले, परत फिरले. अखेर म्हणाले, "बरं बाई, हरलो! विचारतो! का गं करतेस हे सगळं?"

सलोमीचे डोळे भरून आले. इतके दिवस दाबून धरलेलं ओठांवर आलं. "सरकार, माझ्या प्रभू येशूला लोकांनी खिळे ठोकून क्रुसावर टांगलं, तरी त्यानं त्यांच्यासाठी माफीच मागितली. मीही त्याच माफीवर जगते. मग आबाजींना पेलाभर दूध देताना हात कसा आखडू? अन् त्याचं नाव घेऊन दुधात पाणी कसं घालू?"

आबाजीनं घोंगडं डोळ्यांवर ओढून घेतलं. आणि मग हैबतराव असे हसले, असे हसले, की पगडी सावरता सावरेना!

"वा गं सलोमे! बंदी घातली मी, अन् दवंडी पिटवलीस तीही माझ्याच हातून! आबाजी, तबेला आजपासून यांचा. कौलं नवी घालायची, खर्च आमचा, अन् देखरेख तुझी!"

"जी सरकार," आबाजी पुटपुटला, पण त्याला हरल्याचं वाईट वाटलेलं दिसेना.

"पण सलोमे," हैबतराव डोळे पुसत म्हणाले, "गढीला आता माझ्याकडे यायची सवय लागली. उद्या पुन्हा कुणी येऊन विचारलं, तर मी काय सांगू?"

"त्यात काय अवघड, सरकार? म्हणा, सलोमीला विचारा!"