पुलावरचा हळदीचा पंजा

एका राज्यात राजा होता खरा, पण राज्य नाचायचं सप्तसागर पेढीच्या तालावर. जहाजं पेढीची, वखारी पेढीच्या, राजाच्या मुकुटातलं माणिकसुद्धा पेढीकडे गहाण. असो, आपल्याला काय करायचंय!

त्या राज्यात एक रीत होती. काम पुरं झालं की करवून घेणाऱ्यानं तळवा ओल्या हळदीत बुडवून शेवटच्या चिऱ्यावर उमटवायचा, आणि तिथंच कारागिराचं देणं चुकतं करायचं. बस्स, एवढंच. काय दिवस होते हो ते! आठवलं की अजून गलबलून येतं.

भिवाजी पाथरवटानं पेढीसाठी काळनदीवर पूल बांधला. कामाला निघताना तो आपल्या माणसांसमोर बोलून बसला होता, "तुमची मजुरी चुकवल्याशिवाय मी माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

पूल झाला. पेढीचे कारभारी आले. एकेकानं हळदीचा हात चिऱ्यावर टेकवला, पण एकाचाही पंजा उमटेना. उमटणार कसा? केल्या कर्माचा डाग हाताला लागू नये, असा वर पेढीनं मांत्रिकाकडून घेतला होता, आणि बदल्यात त्यानं सगळ्यांचे ठसेच काढून नेले होते.

"पंजा नाही, तर काम पुरं नाही. काम पुरं नाही, तर देणं नाही," कारभारी म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

भिवाजी देणं मागायला पेढीवर गेला. पहिल्या दारी सांगितलं, "नदीच्या तळाचा गोटा आण." त्यानं बुडी मारून आणला. दुसऱ्या दारी सांगितलं, "बोलतं पाखरू साक्षीला आण." पुलाच्या कमानीत साळुंकीचं घरटं होतं. ती त्याच्या खांद्यावर बसून आली आणि साक्ष देऊन मोकळी झाली. तिसऱ्या दारी सांगितलं, "ज्यानं काम सांगितलं, त्याला आण." आता आली का पंचाईत! बिचारा दालनादालनांतून फिरला, आणि जो तो शेजारच्याकडे बोट दाखवी.

साळुंकी म्हणाली, "ठसे मांत्रिकाच्या गुहेत आहेत. चल."

गुहेची भिंत अजून ओल्या असलेल्या पिवळ्या पंजांनी भरली होती. मांत्रिक म्हणाला, "खुशाल ने. पण ज्याचा त्यानं मागितल्यावाचून ठसा हाताला बसणार नाही. बसला की केलेलं सगळं त्याचा हात भाजून काढील." भिवाजीनं पागोटं सोडून भिंतीला लावलं. सगळे पंजे त्यावर उतरले.

इकडे पुलाला धनीच माहीत नव्हता. पेढीचे बैल पलीकडे जायला निघत आणि उतरत ते अलीकडेच. वखारीत धान्य कुजू लागलं. शेवटी पेढीचा मुख्य, म्हातारा विसाशेट, स्वतः पुलावर आला.

भिवाजीनं पागोटं पसरलं. "शेटजी, यात आपला पंजा आहे का?"

कारभाऱ्यांनी माना फिरवल्या. विसाशेट मात्र वाकून बघत राहिला. एका पंजाची करंगळी वाकडी होती. लहानपणी आईनं हाच हात धरून तेलाच्या चिमुकल्या दुकानाच्या दारावर उमटवला होता. "विसू, आपला हात ओळखू येईल असाच धंदा कर," ती म्हणाली होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हा माझा आहे. पूल मी सांगितला होता. द्या तो मला."

ठसा हाताला बसला आणि तळवा निखाऱ्यासारखा पोळला. म्हातारा कळवळला, पण हात मागे घेतला नाही. तसाच चिऱ्यावर टेकवला. पिवळाधमक पंजा उमटला, वाकड्या करंगळीसकट. मग त्यानं त्याच हातानं आधी मजुरांना दिलं, मग भिवाजीला. पहिला बैल पलीकडच्या काठावर उतरला. राजालाही कधी नव्हे तो कंठ फुटला, "ठसा मागणार नाही, त्याला कारभार नाही!" मग काय विचारता, पागोट्यापाशी ही रांग लागली.

भिवाजी घरी पोचला आणि दाराबाहेरच थांबला. बायको राही आत उभी होती.

"माणसांची मजुरी?" तिनं विचारलं.

"पोचली."

"मग या की आत! उंबरा कधीचा सारवून ठेवलाय."

भिवाजीचं पाऊल जसं घरात पडलं, तसं प्रत्येक राबणाऱ्याचं पडो.