टाकीचे कुलूप

एकदा एक व्यापारी आपली जुनी गाडी घेऊन एका वस्तादाच्या गॅरेजात आला. गाडी उंच चाकांची, सात माणसे सहज बसतील अशी, डिझेलवर चालणारी आणि पावणेतीन लाख किलोमीटर पळालेली. व्यापाऱ्याच्या हातात नवे कोरे पितळी कुलूप होते, आणि ते त्याला डिझेलच्या टाकीला लावून हवे होते.

आता टाकीला कुलूप कशासाठी? तर लिटरमागे बारा किलोमीटर जाणारी गाडी दोन महिन्यांत आठवर आली होती. व्यापाऱ्याने आधी पंपावर मिळणारी कसलीशी बाटली टाकीत ओतली. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून डिझेलच्या नळीला लोहचुंबक बांधून पाहिला. दोन्हींचा उपयोग होईना, तेव्हा त्याने विचार करण्याचे कष्ट सोडले आणि ड्रायव्हरला चोर ठरवून मोकळा झाला. तेही घरात बोलावून नव्हे. बाजाराच्या दिवशी, भर पेठेत, आपल्या पेंडीच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून.

दृष्टांताला नावे लागत नाहीत. म्हणून वस्तादाचे, त्याच्या शिष्याचे, त्या व्यापाऱ्याचे नाव मी सांगत नाही. ड्रायव्हरचे मात्र सांगणार. त्याचे नाव केरबा. या गोष्टीत चोरी झालीच असेल तर ती त्याच्या नावाची झाली, तेव्हा निदान ते तरी नीट उच्चारले जावे. एकोणीस वर्षे ही एकच गाडी त्याने चालवली होती. व्यापाऱ्याच्या आईला शेवटच्या दुखण्यात दर आठवड्याला घाट उतरून दवाखान्यात नेणारा तोच होता. आणि ड्रायव्हरच्या धंद्यात ‘डिझेल काढतो’ एवढे दोन शब्द पुरतात. मग त्या गावात त्याच्या हातात गाडीची चावी कुणी देत नाही.

शिष्य तिशीचा होता, तेरा वर्षे वस्तादाच्या हाताखाली घालवलेला. व्यापाऱ्याचे बोलणे ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“शेटजी, केरबादादा असं करणार नाहीत,” तो म्हणाला.

“तू त्याचीच बाजू घेणार. तुम्ही सगळे एका माळेचे मणी,” व्यापारी म्हणाला. “गाडीला हात लावायचा नाही. ठणठणीत आहे ती. दोन महिन्यांपूर्वी तुमच्याकडेच ब्रेकचं काम करून नेलीय. मला फक्त कुलूप बसवून पाहिजे.”

शिष्याला वाटले, आता वस्ताद या माणसाला बाहेरची वाट दाखवतील. वस्तादांनी कुलूप हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि शिष्यापुढे धरले. “टाकीच्या झाकणाला कडी बसव,” ते म्हणाले.

मग ते व्यापाऱ्याकडे वळले. “किल्ली कुणाला देऊ नका. घरातसुद्धा नाही. गळ्यात घाला. टाकी स्वतः भरा, गाडी स्वतः चालवा आणि आठ दिवसांनी या.”

शिष्याने कडी बसवली, पण प्रत्येक स्क्रू आवळताना आपण केरबाच्या तोंडावर थुंकतो आहोत असे त्याला वाटत होते. तेरा वर्षे ज्यांना गुरू मानले त्यांनीच पैसेवाल्याची री ओढावी? तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. केरबा पेठेचा रस्ता टाळून ओढ्याच्या काठाने लांबून घरी जाताना त्याने पाहिला होता.

“वस्ताद, तुम्ही त्या शेटच्या हातात दगड दिलात,” तो म्हणाला.

“आठ दिवस होऊ दे,” वस्ताद म्हणाले आणि हातातला नोझल घासत राहिले.

मग शिष्य चहाच्या टपरीवर जाऊन बोलत सुटला. श्रीमंतांना गरिबाचीच चोरी कशी दिसते, एकोणीस वर्षांच्या इमानाची किंमत कशी एका बाटलीएवढीही नसते. त्याचा शब्दन् शब्द खरा होता, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्यावरच्या अन्यायाचा राग फार चविष्ट असतो, कारण तो करताना आपण फुकटात सज्जन ठरतो. शिष्य त्या आठवड्यात स्वतःला बराच सज्जन वाटत होता.

आठव्या दिवशी व्यापारी स्वतः गाडी चालवत गॅरेजच्या अंगणात आला. किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात होती.

“किती पडलं?” वस्तादांनी विचारले.

“साडेसात,” व्यापारी पुटपुटला.

“कुलूप तर शाबूत दिसतंय. किल्ली कुणाकडे होती?”

व्यापाऱ्याचा हात आपसूक गळ्याकडे गेला.

“मग डिझेल कुणी काढलं, शेटजी?”

व्यापाऱ्याने किल्ली सदऱ्याच्या आत सारली. वस्ताद म्हणाले, “इंजिन बंद करा. गियर काढा, हँडब्रेक सोडा, खाली उतरा आणि गाडी ढकला.”

अंगण सपाट होते. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या व्यापाऱ्याने आधी हात लावला, मग खांदा लावला, मग तोंड लाल होईपर्यंत रेटा दिला. गाडी हलेना. वस्तादांच्या खुणेने शिष्यही लागला, तेव्हा ती कशीबशी हातभर सरकली.

“एवढं ओझं हे इंजिन दिवसभर एकटं ओढतंय,” वस्ताद म्हणाले. “मागचं चाक उचल रे.”

शिष्याने जॅक लावला. मोकळे चाक हाताच्या एका फटक्याने गरगर फिरायला हवे. ते पाव फेरा फिरून अडकले. त्याने चाक काढले. आतला ब्रेकचा ड्रम तापून तापून निळा पडला होता, आणि त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता.

त्या गॅरेजात एक रीत होती. ब्रेकचे काम ज्याने केले त्याने ड्रमवर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. वस्तादांचा लाल होता. पिवळा शिष्याचा.

त्याला सगळे आठवले. दोन महिन्यांपूर्वी शेटजी डोक्यावर उभे होते, ब्रेक चांगला कडक कर म्हणत होते. घाईत त्याने ब्रेक आवळले आणि चाक हाताने फिरवून पाहायचे राहून गेले. पुढे आठवड्याने केरबा आला होता. “मागून कुणीतरी धरून ठेवल्यागत चालतीय रे गाडी,” असे म्हणाला होता. आणि त्यावर शिष्य हसून म्हणाला होता, “पावणेतीन लाख झाले, केरबादादा. म्हातारी झाली ती. अशीच चालायची.”

ठिपका जुना होता. अंगठ्याने खरवडला असता तर गेला असता. वस्ताद पाठमोरे होते आणि व्यापाऱ्याला त्या रंगाचा अर्थ माहीत नव्हता. शिष्याला स्वतःची भयंकर शरम वाटली.

“वस्ताद, ठिपका माझा आहे,” तो म्हणाला. “ब्रेक मीच आवळलेत.”

व्यापाऱ्याला जणू घबाड सापडले. त्याचे बोट वर झाले. “म्हणजे हा खरा चोर. माझं डिझेल यानं जाळलं.”

“ते बोट खाली घ्या,” वस्ताद म्हणाले, आणि तेरा वर्षांत शिष्याने त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. “परवा केरबाकडे होतं, आज याच्याकडे वळलं. स्वतःकडे तेवढं वळत नाही. ब्रेक यानं आवळला, त्याचा कान मी धरीन. पण टपावर सामान लादायला तो लोखंडी पिंजरा कुणी चढवला? नमुन्याच्या पेंडीची सहा पोती बारा महिने मागं कुणी ठेवली? केरबा टायरात हवा बघायला थांबला की वेळ काढतो म्हणून कोण ओरडलं? गाडी जुनी झाली म्हणून जास्त पीत नाही, शेटजी. आपण तिला मागून बांधतो, वरून लादतो, आणि पळत का नाहीस म्हणून विचारतो. आणि ज्याच्या हाताला हे रोज कळत होतं, त्याचं कुणी ऐकलं? तुम्ही नाही. यानं नाही. तो इथं सांगायला आला तेव्हा मी आत चहा पीत बसलो होतो. मीही मान वर केली नाही.”

शिष्याने हळूच विचारले, “मग त्या दिवशीच गाडी का नाही तपासली, वस्ताद?”

“मी केरबाला निर्दोष म्हटलं असतं तर वस्तादही सामील ठरला असता. आता साक्ष यांच्याच कुलपानं दिली. कुलूप बसवलं त्याच रात्री केरबाला विचारून आलो होतो. तो म्हणाला, आठ काय, पंधरा दिवस घरी बसतो, पण नाव धुऊन द्या.”

व्यापारी कपाळ पुसत म्हणाला, “ठीक आहे. संध्याकाळी फोन करतो त्याला. उद्यापासून ये म्हणतो.”

“चोर म्हणायला पेठ लागली,” वस्ताद म्हणाले, “आणि चुकलो म्हणायला फोन पुरतो होय?”

पुढच्या बाजाराच्या दिवशी व्यापारी त्याच पायरीवर उभा राहिला. चार वाक्ये बोलला, जमिनीकडे बघत, पण बोलला. त्याच्या शेजारी शिष्य उभा होता. तो म्हणाला, “ब्रेक मी आवळले होते. केरबादादांनी येऊन सांगितलं होतं. मी हसलो.”

केरबाने दोघांचेही ऐकून घेतले. व्यापाऱ्याने गाडीची चावी आणि टाकीची किल्ली एकत्रच पुढे केली. केरबाने चावी घेतली. किल्ली तशीच व्यापाऱ्याच्या तळहातावर राहू दिली.

“आधी ते काढा,” तो म्हणाला.

शिष्याने खिशातून पेचकस काढला आणि पेठेदेखत, पायरीपाशी उभ्या गाडीच्या टाकीची कडी सोडवली. पत्र्यात दोन भोके राहिली. “बुजवून रंग मारून देतो, दादा,” तो म्हणाला.

केरबाने भोकांवरून बोट फिरवले. “राहू देत. डिझेल भरताना शेटजींना दिसत जातील.”

मोकळ्या झालेल्या चाकांवर, पोती आणि पिंजरा उतरवून, ती म्हातारी गाडी आजही लिटरला साडेबारा किलोमीटर जाते. शिष्य आता ब्रेकचे काम झाले की चाक दोनदा फिरवून पाहतो, आणि ड्रायव्हर काही सांगायला आला की हातातला पाना खाली ठेवतो.

आपल्या घरात, दुकानात, कचेरीत काही जास्त खर्ची पडू लागले, तर कुलूप विकत आणण्याआधी एकदा खाली उतरून गाडी स्वतः ढकलून पाहावी.