भालूअण्णांचं उघडं मशीन

एका तालुक्याच्या गावात एक निवृत्त वजनमापे निरीक्षक राहत होते. भालचंद्र खरमाटे त्यांचं नाव, पण सारं गाव त्यांना भालूअण्णा म्हणे. काटा मारणाऱ्या दुकानदारांना पकडण्यात त्यांची हयात गेली होती. नोकरी सुटली, पण नजर काही सुटली नाही. मंडईतून आणलेली वांगी घरी पुन्हा तोलल्याशिवाय ते चिरू देत नसत. अशा माणसाच्या घरात काही बिघडू नये. पण बिघडलं, आणि तेही ऐन घटस्थापनेच्या तोंडावर.

घट बसायच्या आधी घरातलं एकूण एक कापड धुवून काढायचं, अशी त्या भागातली रीत. चादरी, सतरंज्या, गोधड्या, सगळं. त्याच धुण्यात अण्णांचं जुनं वॉशिंग मशीन आधी खडखडलं आणि मग थांबलं. अण्णांच्या पत्नी इंदूताई म्हणाल्या, "मेस्त्रीला बोलवा बाई लवकर. धुणं सगळं पडलंय, आणि नवरात्रात मला पेटी वाजवायचीय." देवीच्या देवळातल्या भजनात पेटी त्याच वाजवत. त्या नऊ संध्याकाळींची त्या वर्षभर वाट पाहायच्या.

अण्णांनी मेस्त्रीला निरोप धाडला, पण त्याआधी जय्यत तयारी केली. शेजारणीकडून नेलपॉलिश मागून आणलं, मशीनची मागची पाठ काढली आणि आतल्या प्रत्येक भागावर एकेक लाल ठिपका दिला. चांगला भाग काढून घ्यायचा आणि भंगार बसवायचं, ही मेस्त्री लोकांची खोड त्यांनी ऐकली होती.

सिद्राम मेस्त्रीने आत डोकावून पाहिलं. "अण्णा, मशीनला गोवर आलाय काय?"

अण्णा हसले नाहीत. सिद्रामने हाताने फिरवून पाहिलं, कान लावला आणि म्हणाला, "पट्टा गेलाय. बेअरिंगपण खलास. बदलून देतो, दोनेक वर्षं निघतील अजून. नाहीतर नवं घ्या. तुमची मर्जी."

अण्णा सावध झाले. हा एक काय ते सांगत नाही, म्हणजे ह्याचा दोन्हीकडे हात ओला होणार. ते म्हणाले, "आधी नव्याची चौकशी करतो. तोवर हे असंच राहू दे. पाठ लावू नकोस." पाठ लावली की आत कुणी काय बदललं ते कसं दिसणार?

मग ते कांतीशेठच्या दुकानात गेले. कांतीशेठ नवी मशिनं विकायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घाई कशाला करता अण्णा? तुमचं जुनं दणकट आहे. सिद्रामकडनं दुरुस्त करून घ्या."

झालं! विकणाराच विकत घेऊ नका म्हणतो. उभ्या नोकरीत अण्णांनी असा दुकानदार पाहिला नव्हता. सिद्रामशी ह्याचं साटंलोटं असणार. नाहीतर महागाचा माल यायचा असेल, म्हणून आपल्याला थोपवून धरतोय. शेठ घ्या म्हणाला असता तर अण्णांनी त्याला लोभी म्हटलं असतं, नको म्हणाला म्हणून लबाड ठरवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या बिचाऱ्याची गत झाली.

अण्णा रोज त्या उघड्या मशीनपुढे खुर्ची टाकून बसू लागले. ठिपके जागच्या जागी आहेत ना, ते बघायचे आणि पुन्हा विचारात पडायचे. इकडे इंदूताई मागच्या दारी दगडावर गोधड्या आपटत होत्या. भिजलेली गोधडी पिळायची म्हणजे दोघांचं काम, त्या एकट्याच पिळायच्या. आधी मनगटं ठणकू लागली, मग बोटं सुजली. त्या काही बोलल्या नाहीत, आणि अण्णांचं लक्ष ठिपक्यांवर होतं.

घटस्थापनेच्या संध्याकाळी अण्णांना काहीतरी वेगळंच दिसलं. भजनी मंडळातली एक बाई आली आणि इंदूताईंची पेटी उचलून घेऊन गेली. थोड्या वेळाने इंदूताईही निघाल्या. दोन्ही हात पदराखाली घेतलेले.

अण्णांच्या मनात पाल चुकचुकली. पदराखाली काय लपवलंय हिने? देवळाची वाट कांतीशेठच्या दुकानावरून जाते. म्हणजे पाटल्याच असणार. पाटल्या मोडून ही आपल्या अपरोक्ष मशीन घेणार, शेठने हिलाच फितवलं! अण्णांनी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता मागोमाग निघाले.

इंदूताई दुकानावरून सरळ पुढे गेल्या. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. देवळात शिरून त्या अगदी मागे, दाराजवळ बसल्या. अण्णा एका खांबाआड उभे राहिले. पेटी ती दुसरी बाई वाजवत होती आणि ओळीओळीला अडखळत होती. आरती सुरू झाली तशा सगळ्याजणी टाळ्या वाजवू लागल्या. इंदूताईंनीही पदराबाहेर हात काढले. हातांना हळदीचा लेप होता, वर फडकी गुंडाळली होती. टाळी वाजवायला हात जवळ आणले आणि कळ येऊन त्या थांबल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला बोटंही वळेनात, ते त्यांनी दंडाला पुसलं.

आरती संपताच अण्णा खांबाआडून पुढे आले. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, "मला बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" इंदूताई चालता चालता म्हणाल्या. "हात दुखतात म्हटलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, हे बोलायला तुला कोणी शिकवलं."

अण्णांनी अगदी तेच विचारलं असतं. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली.

सकाळी ते सिद्रामला घेऊन आले. "तू म्हणशील ते कर," ते म्हणाले. सिद्राम मशीनमागे बसला आणि लगेच उठला. उघड्या पाठीतून उंदीर आत शिरले होते. त्यांनी वायरी कुरतडल्या होत्या आणि चिंध्या आणून बिऱ्हाड थाटलं होतं. "आता दुरुस्ती नको अण्णा. करण्यासारखं काही राहिलं नाही." हा खरं बोलतोय का, असं अण्णांच्या मनात आलंच. सवयच ती. पण त्यांनी ते मनातच ठेवलं आणि त्याच दुपारी कांतीशेठकडून नवं मशीन आणलं.

ते उत्तम चाललं. डॉक्टरांनी मात्र इंदूताईंचे हात पाहून सांगितलं की विश्रांती लागेल, पेटीचं पुढे बघू. उरलेल्या संध्याकाळी अण्णा रोज त्यांच्याबरोबर देवळात गेले आणि आरतीला त्यांच्या शेजारी उभे राहिले. पेटी शेवटपर्यंत त्या दुसऱ्या बाईनेच वाजवली.

तात्पर्य: सल्ला देणाऱ्याचा हेतू जरूर तपासावा, पण तपासतच बसू नये. संशयी माणसाला फसवणारे भेटोत न भेटोत, त्याची आपली माणसं मात्र त्याला खरं सांगायचं सोडून देतात.