शास्त्रीबुवा होडीत बसले

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की राजे स्वतः पिशवी घेऊन बाजारात मासळी आणायला जात. असाच एक राजा एकदा बाजारातून हिरमुसून परतला. मासे वर्षागणिक लहान होत चालले होते आणि का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यानं विश्वंभरशास्त्रींना किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात पाठवलं. समुद्रातल्या जीवांचा बुवांचा अभ्यास मोठा, पण पाण्याची भीती त्याहून मोठी. म्हणून ते वाळूत छत्री रोवून बसायचे आणि परतणाऱ्या प्रत्येक होडीला विचारायचे, "आज काय मिळालं?"

आता कोळीवाड्याची रीत अशी, की जाळं फाटेस्तोवर मासळी आली तरी विचारणाऱ्याला खरं सांगायचं नाही. सांगितलं की दृष्ट लागते. तिथला जाणता तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होता पोशा. तो भरलेल्या टोपल्या झाकायचा आणि रडवेल्या तोंडानं म्हणायचा, "काय नाय गावलं, बुवा." सगळे तसंच म्हणायचे.

बुवा पडले सरळ मनाचे. त्यांनी राजाला कळवलं, "समुद्र रिकामा झाला." राजा घाबरला. लगेच दवंडी पिटली गेली, की वर्षभर कुणीही जाळं टाकायचं नाही.

कोळीवाड्याच्या पायाखालची वाळू सरकली. वर्षभर खायचं काय?

"घ्या," पोशाची बायको चांगुणा त्याला म्हणाली, "तुमच्या 'काय नाय'ला राजा पावला. आता जा आणि खरं सांगा. दृष्टीचं मी बघते."

पोशा कान धरून बुवांपुढे उभा राहिला, मागे सगळा कोळीवाडा. बुवा आधी चिडले, मग म्हणाले, "तेव्हा खोटं बोललास. आज खरं बोलतोयस हे कशावरून मानू?"

"मानू नका. होडीत बसा."

बुवांचा चेहरा पांढरा पडला. पण उपाशी राहण्याची पाळी आलेली माणसं समोर उभी होती, आणि काठावर बसून निकाल देण्याची चूक त्यांचीच होती. धोतर खोचून ते होडीत चढले. चांगुणेनं होडीवरून मीठ-मिरच्या ओवाळल्या. बुवांवरून दोनदा.

खाडीच्या तोंडाशी पोशानं जाळं टाकलं. तोवर बुवांच्या पोटातलं सगळं बाहेर आलं होतं आणि होडीतले गडी हसून लोळत होते. जाळं वर आलं ते गच्च भरून.

"आता पटलं?" पोशानं विचारलं.

बुवांनी एका माशाचं पोट चिरलं. आत गाबोळी, म्हणजे माशाची अंडी. दुसऱ्याच्या पोटातही गाबोळी. तिसऱ्याच्याही.

"हे बाराही महिने इथंच असतात?"

"नाय. ह्याच दिवसांत जमतात. एरवी बाहेर, खोल पाण्यात."

"आणि तिथं हल्ली कसे मिळतात?"

पोशानं या वेळी खरं सांगितलं. "कमी मिळतात, बुवा. मला वाटायचं माझ्याच जाळ्यात कमी. बाकीचे काय, नेहमीच 'काय नाय' म्हणतात."

"आम्हालाही तसंच वाटायचं," गडी म्हणाले. आता कुणी हसत नव्हतं.

"अंडी घालायला आलेली आईच टोपलीत गेली, तर बाहेर खोल पाण्यात जाऊन मोठं होणार कोण?" बुवा हळूच म्हणाले.

दोघं मिळून राजाकडे गेले. बुवांनी आपली चूक सांगितली, पोशानं आपली. राजानं बंदी उठवली. फक्त गाबोळीच्या दिवसांत खाडीचं तोंड मोकळं सोडायचं ठरलं, आणि तिथली राखण कोळ्यांनीच आपणहून अंगावर घेतली.

काही वर्षांत खोल पाण्यातून हातभर लांबीचे मासे येऊ लागले. कोळीवाड्यात रात्रंदिवस गाणी. बुवा प्रत्येक हंगामात होडीत जात, मनसोक्त ओकत आणि काय काय आलं ते पोशासोबत बसून मोजत. होडीत बसेल त्याला मासळीचा वाटा द्यायचा हा तिथला नियम. बुवा मासे खात नसत, पण आपला वाटा मात्र हक्कानं मागून घेत आणि चांगुणेच्या ओट्यावर नेऊन ठेवत.

तेव्हा लहानथोरांनो, ज्याला ठाऊक आहे त्यानं खरं सांगावं आणि ज्याला शोधायचंय त्यानं सोबत जावं, म्हणजे सगळ्यांचंच पोट भरतं.