सद्भावना भोजनकक्ष

"आणि आत्ता ती कुठे बसली आहे?" भंतेंनी विचारलं.

"मेसमध्येच. रिकामं ताट समोर घेऊन." सुमेध धापा टाकत होता. वसतिगृहापासून टेकडीवरच्या विहारापर्यंत तो एप्रिलच्या उन्हात पळत आला होता. "कोणी वाढत नाही आणि ती उठत नाही."

"का वाढत नाहीत?"

"मुलांनी मॅनेजरला सांगितलंय, तिला वाढलं तर आम्ही ताटं सोडून उठू. सगळेच्या सगळे."

भंतेंनी हातातला झाडू भिंतीला टेकवला.

सुमेध गजभिये कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा सचिव. दर रविवारी भंतेंसमोर बसून प्रश्न विचारणारा, आणि बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवून आलेला.

"ही आरेनला तुमचं ऐकते, भंतेजी. तिला एकदा सांगा, हट्ट सोड म्हणावं."

"हट्ट कसला?"

"नागालँडहून आली त्या दिवसापासून तिला 'मोमो' म्हणतात. सुदानची दोन मुलं आहेत, ती मेसमध्ये शिरली की कोणीतरी ओरडतं, लाइट गेली का रे. गेल्या आठवड्यात हिनं घरून आलेलं बांबूच्या कोंबांचं लोणचं उघडलं, तर एकानं बरणी उचलून खरकट्याच्या पिंपात टाकली. वर विचारतो, यात बांबू किती आणि कुत्रा किती. मी गप्प नाही बसलो. रेक्टरच्या ऑफिससमोर ठिय्या दिला. प्राचार्यांना खाली यायला लावलं."

"मग?"

"मग जिंकलो." सुमेधचा चेहरा उजळला. "मेसमागच्या जुन्या सायकल स्टँडला भिंती घातल्या. शेगड्या, फ्रिज, पंखे, नवी टेबलं. फक्त त्यांच्यासाठी, बाहेरून आलेल्या मुलांसाठी. हवं ते शिजवा, हवं ते खा, कोणी नाक दाबणार नाही. दारावर पाटी लावली... सद्भावना भोजनकक्ष. जेवण आजपासूनच तिथे, उद्घाटन उद्या. फीत तुमच्याच हातून कापायची ठरलीय."

"आणि आरेनला काय म्हणते?"

"म्हणते, जेवेन तर इथेच, नाहीतर आजच्या गाडीनं घरी. ट्रंक बांधून ठेवलीय. परीक्षा तोंडावर आहे, भंतेजी. दोन वर्षं वाया जातील. एवढं करून दिलं, तरी हिचं आपलं तेच."

"काय करून दिलंस?"

"सोय."

भंतेंनी मान हलवली.

सुमेधच्या घशाला कोरड पडली होती. नेहमीसारखा तो पायऱ्या चढून ओसरीतल्या माठाकडे निघाला.

"थांब," भंते म्हणाले. "तिथेच. पायरीच्या खाली."

तो थांबला. भंतेंनी लांब दांड्याचं ओगराळं माठात बुडवलं, ओसरीच्या कडेला आले आणि हात उंच धरला.

"ओंजळ कर."

सुमेधनं नकळत ओंजळ केली. वरून धार आली. पाणी बोटांतून निसटलं, मनगटांवरून कोपरांपर्यंत ओघळलं.

मग त्याला कळलं, आपण कसे उभे आहोत.

त्यानं हात झटकले. "हे काय करताय?"

"सोय."

"माझ्या आजोबांना असं पाणी घालायचे. गावच्या विहिरीवर. त्यांच्या तोंडून ऐकलंय मी." त्याचा आवाज चढला. "मी असं पाणी पिणार नाही. तुमच्या हातून तर नाहीच नाही."

"माठातलंच आहे. गार आहे."

"पाण्याचा प्रश्न नाही."

"तहान लागली होती ना?"

"तहानेचाही प्रश्न नाही, भंतेजी."

"मग तिचा प्रश्न भाताचा आहे?"

सुमेधच्या कोपरांवरून थेंब पायरीवर पडत होते आणि पडल्या पडल्या वाळत होते.

तो म्हणाला, "मी तिच्यासाठी भांडलो."

"कोणाशी?"

"रेक्टरशी. प्राचार्यांशी."

"आणि बरणी फेकणाऱ्याशी?"

ती मुलं सुमेधचीच होती. त्याच्या नावाच्या घोषणा त्यांनीच दिल्या होत्या, त्यांच्याच मतांवर तो निवडून आला होता. पुढच्या निवडणुकीतही तीच लागणार होती.

भंते आत गेले. परत आले तेव्हा खांद्यावर चीवर नीट घेतलेलं होतं आणि हातात भिक्षापात्र. ते दिवसातून एकदाच जेवत, मध्यान्हाच्या आत. जेवण रोज मेसमधून डब्यात येई. आज ते स्वतःच पायऱ्या उतरू लागले.

"कुठे निघालात?"

"जेवायला."

"तिच्याबरोबर बसलात तर तुम्हालाही वाढणार नाहीत."

"तर दोघं उपाशी राहू. तू आलास तर तिघं."

भंते टेकडी उतरून गेले. विहाराच्या आवारात सुमेध एकटाच उभा राहिला. माठ तिथेच होता, ओगराळंही. तो पाणी प्यायला नाही.

तो पळतच खाली गेला आणि मेसच्या दाराशी त्यानं भंतेंना गाठलं.

आत शिरल्याबरोबर ताटांचा आवाज थांबला. लांबलचक टेबलाच्या मधोमध आरेनला बसली होती, दोन्ही बाजूंची बाकं रिकामी. तिनं मान वर केली नाही. मागच्या दाराशी सुदानची ती दोघं उभी होती. हातात ताटं होती, पण आत यावं की नवीन खोलीकडे जावं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"सचिवसाहेब," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "तुमची टेबलं मागे लावलीत."

दोन-चार जण हसले.

सुमेधनं चळतीतून एक ताट उचललं. ते त्यानं आरेनलाच्या शेजारी ठेवलं. भंते तिच्या समोरच्या बाकाशी पोचले होते. सुमेध टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "भंतेजी, आपण बसलो की हे सगळे उठतील. अख्खी मेस उठेल."

भंते बसले. पात्र समोर ठेवलं. मग शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"उठू देत. जागा होईल."