दक्षिणवाहिनीचे तीर्थ

जांभळी नदी डोंगराला अडून जिथे माघारी फिरते, तिथल्या कुंभारवाडीत श्रीसावळनाथ महाराजांचा मुक्काम होता. वळणाच्या वर घाटावर नदी उत्तरवाहिनी, म्हणून तिथे मोठे तीर्थ. वळण ओलांडले की तीच नदी कुंभारवाडीपुढून दक्षिणेला वाहते. दक्षिण ही यमाची दिशा! त्यामुळे घाटावरची मंडळी वाडीच्या पाण्याने चूळही भरत नसत. नदी एकच, पण माणसांनी तिचे सोवळे आणि ओवळे असे दोन भाग केले होते.

वाडीतल्या येसूची सासू अंबूबाई अखेरच्या घटका मोजत होती. म्हातारीचा श्वास अडे, पुन्हा सुरू होई. "घाटाचं पानी…" एवढेच ती पुटपुटे. श्रावणातला पूर चढत होता. येसू बोळके घेऊन डोंगराच्या पायवाटेने घाटावर धावली.

घाटाचे उपाध्ये त्र्यंबकभट मोठे विद्वान, पण तितकेच ताठ. भरलेले बोळके पाहून ते हसले. "अगं, हे पाणी वळणापलीकडे नेलेस की त्याचे तीर्थपण गेलेच! यमाच्या दारी राहायचे आणि गंगेचा हट्ट धरायचा?" असे म्हणून त्यांनी बोळके हिसकावून पायरीवर उपडे केले.

येसू रिकामे बोळके घेऊन परतली आणि महाराजांपुढे कोसळली. "म्हाराज, जीव घोटाळतोय वो म्हातारीचा! आता काय घालू तिच्या तोंडात?"

महाराज म्हणाले, "समोर नदी आहे ना? भर बोळके."

"हितलं? यमाच्या वाटंचं?" येसूच्या तोंडून निघून गेले. घाटाने इतकी वर्षे शिकवलेले भय असे एका शब्दाने कुठले जाते! घरातून म्हातारीची घरघर ऐकू येत होती. शेवटी महाराजांच्या शब्दाखातर ती पाण्याकडे निघाली.

तोच वळणाकडून आरोळी आली. पैलतीरी पूजेला निघालेल्या त्र्यंबकभटांच्या होडीचा दोर तुटला होता. पुराने होडी वळणावरून भिरकावली होती, आणि वाडीच्या खालच्या अंगाला काळे खडक दात विचकून उभे होते. नावाड्याची वल्ही कधीच वाहून गेली होती. "वाचवा हो, वाचवा!" भटजींचा आवाज फाटला होता.

काठावर कुणी म्हणाले, "भोगा म्हनावं आता!" पण येसूच्या हातून बोळके गळून पडले. सासू, तीर्थ, अपमान, सारे विसरून ती ओरडली, "म्हाराज, तेवढं त्यांना वाचवा वो!"

महाराजांचे डोळे भरून आले. त्यांनी आपली काठी पाण्यात टेकवली आणि म्हणाले, "माई, या लेकीसाठी जरा मागे वळून बघ."

काय सांगावे! लोटणारे पाणी थबकले. फेस, पाने, वाहून आलेल्या फांद्या, सारे हळूहळू उत्तरेकडे सरकू लागले. खडकाला भिडू पाहणारी होडी माघारी फिरली आणि अलगद येसूच्या दारासमोर काठाला लागली.

त्र्यंबकभट चिखलात उतरले.

महाराजांनी शांतपणे विचारले, "शास्त्रीबुवा, पाणी कुठे चालले आहे?"

"उ… उत्तरेला, महाराज."

"मग आता तरी तीर्थ झाले ना?"

त्र्यंबकभटांनी मान खाली घातली. "ते आधीही होतेच, महाराज. ओवळा मीच होतो."

त्यांनी चिखलातले बोळके उचलले, धुतले, भरले. येसूच्या उंबऱ्यात आजवर त्यांची सावलीही पडली नव्हती. आज ते थेट आत गेले, अंबूबाईचे डोके त्यांनी मांडीवर घेतले आणि आपल्या हाताने पाणी पाजले. म्हातारीने डोळे उघडले. "ग्वाड हाय गं," ती येसूला म्हणाली आणि तिने शांतपणे देह ठेवला. येसूने हंबरडा फोडला. पण मनावरचा धोंडा उतरला होता.

बाहेर येऊन त्र्यंबकभट महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मला कशाला? त्या नदीमाईची क्षमा मागा."

नदी तोवर पुन्हा दक्षिणेला वाहू लागली होती. त्र्यंबकभटांनी त्या पाण्याची ओंजळ भरून प्राशन केली, आणि यमाच्या दिशेला तोंड करून वाळूत कपाळ टेकवले.